बिबट्याच्या शेजारात कुत्रा पाळताना

नाशिक शहराच्या कडेला घर असेल किंवा निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी या तालुक्यांत मळ्यात वस्ती असेल, तर कुत्रा पाळण्याची जबाबदारी खाणेपिणे आणि लसीकरण एवढ्यावर संपत नाही. उसाच्या फडात, दारणा-गोदावरीच्या काठच्या झाडीत आणि डोंगरउतारांवर वावरणारा बिबट्या आपल्या कुत्र्याकडे भक्ष्य म्हणूनच पाहतो. त्यामुळे येथे कुत्र्याची निगा राखणे आणि बिबट्याची रीत समजून घेणे ही दोन वेगळी कामे राहत नाहीत.

नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून त्यांचा आहार अभ्यासला होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार बिबट्यांच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के वाटा पाळीव व वस्तीतल्या प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट असूनही शेळ्यांचा वाटा केवळ ११ टक्के निघाला. याचे सरळ कारण असे दिसते की शेळी ही कमाईची वस्तू असल्याने तिला संध्याकाळी गोठ्यात कोंडले जाते, तर कुत्रा मात्र राखणीसाठी म्हणून रात्रभर अंगणात राहतो. पुढे जे सांगितले आहे त्याचा मुख्य आधार हाच आहे: शेळीला जेवढे जपले जाते तेवढेच कुत्र्याला जपले, तर अंगणात येण्याचे बिबट्याचे मोठे कारण नाहीसे होते.

काही वस्त्यांवर याच्या नेमका उलट समज आढळतो. कुत्रा बाहेर बांधून ठेवला की बिबट्या त्याला नेतो आणि शेळ्या-वासरे वाचतात, असे सांगितले जाते. हा समज कुत्र्याच्या दृष्टीने क्रूर आहेच, पण वस्तीच्या दृष्टीनेही घातक आहे, कारण ज्या अंगणात एकदा सहज भक्ष्य मिळाले त्या अंगणाकडे बिबट्या पुन्हा वळण्याची शक्यता वाढते आणि त्याच अंगणात लहान मुलेही खेळत असतात.

रात्रीचा निवारा

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत कुत्र्याला घरात किंवा बंद दाराच्या खोलीत ठेवणे. घरात कुत्रा घेण्याची पद्धत नसेल, तर भक्कम पिंजरा बांधावा. केवळ उंच कुंपणावर भिस्त ठेवू नये, कारण बिबट्या आठ-दहा फुटांची भिंत चढून येऊ शकतो आणि झाडावरून पत्र्यावर उतरणे त्याला मुळीच अवघड नाही. पिंजऱ्याला चारही बाजूंनी आणि वरूनही आच्छादन हवे. वरचा पत्रा नुसता दगड ठेवून दाबलेला नसावा, तो लोखंडी चौकटीला बोल्टने घट्ट बसवलेला असावा. कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात ती पातळ षट्कोनी जाळी येथे उपयोगाची नाही. जाड तारेची वेल्ड केलेली जाळी घ्यावी आणि तिची छिद्रे इतकी लहान असावीत की बिबट्याचा पंजा आत जाणार नाही. जाळी पंज्यानिशी ओढून काढता येऊ नये म्हणून ती अँगलला बाहेरून नव्हे, तर थोड्या थोड्या अंतरावर दोन्ही बाजूंनी पट्टी लावून बसवून घेणे चांगले.

जमिनीकडे बहुधा दुर्लक्ष होते. तळाला सिमेंटचा कोबा करावा किंवा जाळी फूटभर खोल गाडून वरून दगड भरावेत. दाराला कडी आणि कोयंडा असावा व त्यात रोज रात्री कुलूप अडकवावे, कारण ढिली कडी धक्क्याने उघडते. कुत्र्याची झोपण्याची जागा जाळीला चिकटून नसावी. मध्यभागी लाकडी पेटी ठेवली की बाहेरून पंजा आला तरी तो कुत्र्यापर्यंत पोहोचत नाही. खालचे तीन-चार फूट पत्र्याने झाकल्यास कुत्रा बाहेरून दिसत नाही आणि स्वतःही कमी अस्वस्थ होतो. निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास आणि कधी त्याहूनही खाली जातो, म्हणून पेटीत उसाचे कोरडे पाचट किंवा पोते घालून ते आठवड्याला बदलावे. ओले अंथरूण थंडी वाढवते आणि जुन्या अंथरुणात गोचीड व पिसवा साठतात.

कुत्र्याला रात्री उघड्यावर साखळीने बांधणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे. बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येते, ना आडोसा घेता येतो. कळपाबरोबर रानात राहणारे धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात बाहेरच्या बाजूला खिळे असलेला पट्टा घालतात, आणि त्यामागे खरी समज आहे, कारण बिबट्या आणि लांडगा दोघेही गळ्याचा वेध घेतात. रानात कळपामागे फिरणाऱ्या कुत्र्यासाठी असा पट्टा जरूर वापरावा, मात्र तो बंद निवाऱ्याला पर्याय ठरत नाही.

खाणे, उकिरडा आणि फिरणे

संध्याकाळचे खाणे अंधार पडण्यापूर्वी द्यावे आणि उरलेले अन्न लगेच उचलावे. उघड्या भांड्यातल्या उरल्यासुरल्या अन्नावर मोकाट कुत्री, उंदीर-घुशी आणि डुकरे जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. हीच गोष्ट मटणाच्या दुकानांमागील टाकाऊ अवयवांची, ढाब्यांमागील खरकट्याची आणि पोल्ट्रीतून फेकल्या जाणाऱ्या मेलेल्या कोंबड्यांची आहे. पोल्ट्रीवाल्याने मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरले तर आसपासच्या सगळ्या वस्त्यांवरील धोका कमी होतो. गावाने एकत्र येऊन करण्याजोगे याहून उपयोगी काम मला दिसत नाही.

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर नाशिकची दोन मुख्य पिके कुत्र्यासाठी विषारी आहेत हे येथे सांगणे आवश्यक आहे. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्याची सुरक्षित मात्रा ठरलेली नाही, त्यामुळे काढणीच्या हंगामात बागेत पडलेले मणी खाणाऱ्या कुत्र्याला उलट्या सुरू झाल्या किंवा त्याची लघवी कमी झाली, तर उद्यावर न टाकता पशुवैद्यकाकडे न्यावे. कांदा आणि लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतात व शिजवल्यानेही हा गुण जात नाही, म्हणून कालवणाचा रस्सा भाकरीत कुस्करून घालण्याची सवय सोडावी. कांद्याची बाधा काही दिवसांनी दिसते: कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. मांजराला तर याहूनही थोडा कांदा बाधतो.

फिरायला नेताना उजाडल्यानंतर निघावे आणि तिन्हीसांजेच्या आत परतावे. पट्टा पाच-सहा फुटांपेक्षा लांब नसावा. उसाच्या कडेने, ओढ्याच्या पात्रातून किंवा गंगापूर धरणाच्या बाजूच्या झाडीतून जाताना कुत्र्याला मोकळे सोडू नये. मोकळा कुत्रा स्वतः धोक्यात येतो आणि वन्यजीवांनाही त्रास देतो. येवला तालुक्यातील ममदापूरच्या काळवीट संवर्धन क्षेत्रात किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर, जी महाराष्ट्रातील पहिली रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची ठरवलेली) पाणथळ जागा आहे, कुत्रा नेऊच नये, कारण त्याच्या पाठलागाने काळविटांची पिले आईपासून तुटतात आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी नासतात.

लस दोघांसाठी

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांच्या लसी सुरू कराव्यात, त्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण कराव्यात आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस देऊन पुढे दरवर्षी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती चालू ठेवावी. या लसींचा लाभ फक्त आपल्या कुत्र्याला होतो असे नाही. डिस्टेंपरचा विषाणू कोल्हे, खोकड आणि मोठ्या मार्जारकुळातील प्राण्यांनाही होतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींमध्ये हाच विषाणू आढळला होता. जेथे बिबट्याचे चाळीस टक्क्यांच्या जवळपास अन्न कुत्रा आहे, तेथे लस न दिलेला कुत्रा हा रोगाचा सरळ रस्ता ठरतो. नसबंदीही याच कारणासाठी करावी, कारण नर कुत्रा मादीच्या मागे रात्री-अपरात्री लांबवर भटकतो आणि नको असलेली पिल्ले शेवटी रस्त्यावर सोडली जातात.

बिबट्याच्या तावडीतून कुत्रा सुटला, तर जखम लहान दिसते म्हणून घरी थांबू नये. सुळ्यांची छिद्रे वरून बारीक असली तरी आत खोल जातात आणि केसांखाली पू साचतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना किंवा तिखट भरू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून जखम साफ करून घ्यावी आणि आधी लस झालेली असली तरी रेबीजची बळकटी (बूस्टर) मात्रा द्यावी. वेदनेने बिथरलेला आपलाच कुत्रा चावू शकतो, म्हणून त्याला उचलताना तोंडावर कापड बांधावे. तो माणसाला चावला किंवा त्याची लाळ उघड्या जखमेला लागली, तर त्या माणसाने तशीच जखम धुऊन सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ नाहीच.

बिबट्या आला होता का?

दर वेळी दिसलेला प्राणी बिबट्याच असतो असे नाही. रानमांजर, तरस, कधी कधी मोठा कुत्रा यांवरूनही गावभर बातमी पसरते. ओल्या मातीतला ठसा नीट पाहिला तर बराच उलगडा होतो. बिबट्याच्या ठशात चार बोटे आणि मागच्या कडेला तीन फुगवटे असलेली गादी उमटते, नखे मात्र उमटत नाहीत, कारण तो चालताना नखे आत ओढून घेतो. कुत्रा आणि तरस यांच्या ठशांत नखांची टोके स्पष्ट दिसतात. रानमांजराचा ठसा बिबट्यासारखाच पण बराच लहान असतो. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून छायाचित्र काढले तर वनरक्षकाला आकाराचा अंदाज येतो. याखेरीज वानरांचा एकसारखा खकारा, मोरांचा अवेळी ओरडा आणि एरवी भुंकणारा कुत्रा अचानक गप्प होऊन दारात अंग चोरणे, या खुणा मळ्यात राहणाऱ्यांनी गांभीर्याने घ्याव्यात.

बिबट्या समोर आलाच तर पळू नये, वाकू नये आणि पाठही फिरवू नये. लहान मुलाला कडेवर घ्यावे, मोठ्याने बोलत सावकाश मागे सरावे. त्याने कुत्रा धरला असेल तर सोडवायला जवळ जाऊ नये, दुरून आरडाओरडा करावा, पत्रा वाजवावा. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि गर्दी होऊ देऊ नये. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडवरील सावरकरनगर भागात बिबट्या शिरला होता, तेव्हा काही जण जखमी झाले. चहूबाजूंनी माणसांनी वेढलेला बिबट्या दिसेल त्या फटीतून धावतो आणि त्या फटीत कोणीतरी उभे असते.

बिबट्या नुसता दिसला की पिंजरा लावण्याची मागणी होते. माणसावर हल्ला झाला असेल तर त्या बिबट्याला पकडणे आवश्यकच आहे. पण केवळ दिसला म्हणून पकडून दूर सोडण्याने प्रश्न सुटत नाही. जुन्नर परिसरात २००१ पासून अशी मोठी मोहीम झाली, तेव्हा माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे अभ्यासात नोंदले गेले. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो आणि अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी अधिक बिथरलेला असतो.

ऊसतोडीच्या हंगामात फडात बछडे सापडणे नेहमीचे आहे. त्यांना उचलू नये, गाईचे दूध पाजू नये, हाती घेऊन छायाचित्रे काढू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बिबट्याला सर्वोच्च संरक्षण आहे आणि त्याचे पिल्लू घरी ठेवणे गुन्हा आहे. तेवढ्या भागातली तोड थांबवून, कुत्र्यांना बांधून वनविभागाला बोलवावे. कर्मचारी पिल्लांना संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि बहुतेक वेळा मादी रात्रीतून त्यांना घेऊन जाते. त्या रात्री फडाकडे पाणी भरायलाही कोणी जाऊ नये.

मळ्यातील विहिरीला कठडा नसेल तर तो यंदाच्या उन्हाळ्यात बांधून घ्यावा. रात्री कुत्र्याच्या मागे धावणारा बिबट्या आणि पुढे पळणारा कुत्रा दोघेही त्याच विहिरीत पडतात. पडलेला प्राणी दिसल्यास दोराला बांधलेली बाज किंवा लाकडी फळी अलगद पाण्यावर सोडावी, म्हणजे वनविभागाचे पथक पिंजरा घेऊन येईपर्यंत त्याला आधार मिळतो, आणि विहिरीच्या काठावर पथकाशिवाय कोणालाही थांबू देऊ नये.