सक्युलंट आणलंय? मग या चुका टाळा

"रोज दोनच चमचे पाणी घालते हो, तरी सडलं!" हे इतक्यांदा ऐकलंय की समोरची 'दोन' म्हणाली की पुढचं वाक्य मीच पूर्ण करते. अहो, त्या दोन चमच्यांनीच गेलं ते. सक्युलंट म्हणजे जाड, रसाळ पानांचं झाड, आणि ती पानं म्हणजे पाण्याची टाकी. टाकी भरलेली असताना खाली सतत ओल राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. खालची पानं पिवळट, काचेसारखी होतात, बोट लावलं की गळतात. बघणाऱ्याला वाटतं, सुकतंय बिचारं. की घातले आणखी दोन चमचे!

माझेही हात पोळलेत. वास्तुशांतीला कुणीतरी चिनी मातीच्या मगात लावलेली एचेव्हेरिया नावाची सक्युलंट दिली होती. निळसर, गुलाबासारखी, भोवती पांढरे गोटे. मगाला भोक नव्हतं. पुण्यातला जुलै, आठ-आठ दिवस उन्हाचं नाव नाही, आणि मी शहाणी गोटे कोरडे दिसले की पाणी सोडत होते. एकदा पुसायला उचलायला गेले तर नुसता गुच्छच हातात आला. खालचा देठ काळा, लिबलिबीत. तो मग उपडा केला तर काळं पाणी आणि गटाराचा वास. त्या मगात आता पेनं असतात.

तेव्हापासून भोक नाही तर झाड नाही. "तळाला खडे घातलेत की" हे मला सांगू नका. खड्यांतलं पाणी जाणार कुठे? एखादा मग फारच आवडला असेल तर भोकाची छोटी कुंडी आत ठेवा आणि पाणी घालताना बाहेर काढा.

पाणी कधी घालायचं, ते मला उदबत्तीची जळून उरलेली काडी सांगते. तळापर्यंत खुपसायची, दहा मिनिटांनी काढायची. ओलसर निघाली, माती चिकटली, तर झारी जागेवर. कोरडी निघाली तरी मी दोन दिवस थांबते. मग मात्र खालून वाहेपर्यंत घालते आणि बशीतलं ओतून टाकते. पावसाळ्यात कधीकधी महिना-महिना झारीला हात लागत नाही. दर रविवारचा अलार्म लावणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

नर्सरीतून झाड बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात येतं, आणि कोकोपीट ओल धरून बसतं. मी एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, दोन भाग विटांचा चुरा घेते. चुरा चाळून, बारीक धूळ काढून. पण आणल्या दिवशीच कुंडी बदलायची घाई कशाला? आठवडाभर रुळू दे. बदलल्यावर चार-पाच दिवस पाणी नाही.

टीपॉयवरच्या झाडाचे "बघ किती उंच झालं!" असे फोटो येतात. वाढत नाहीये ते, उजेडासाठी माना काढतंय. ताणलेला देठ परत आखूड होत नाही. शेंडा कापून, चार दिवस सावलीत सुकवून नव्याने लावावा लागतो. आणि हे कळल्यावर ते थेट मेच्या उन्हात नेऊन ठेवू नका, पानं भाजतात. खिडकी अंधारीच असेल तर हॉवर्थिया ही दुसरी सक्युलंट घ्या. एचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोतली, तिला भरपूर उजेड लागतो. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या आडोशाला वाढते.

स्प्रेची बाटली नको. एचेव्हेरियाच्या पानांवरची पांढरी भुकटी धूळ नाही, पुसू नका. बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर मात्र ते पिठ्या ढेकूण. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून टिपा, कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. तो पहिल्या फेरीत जात नाही.