फोटो छापून फ्रेम करताय? या चुका टाळा

फ्रेममधल्या फोटोवर डाग पडले की आपण कागदाला नावं ठेवतो. पण फ्रेम मागून उघडून पाहा. फोटो थेट काचेला टेकलेला, मागे साधा पुठ्ठा, तोही फेविकॉलने चिकटवलेला, आणि भिंतीला ओल. आपल्या हवेत यापेक्षा वेगळं काय होणार?

फ्रेमकडे वळण्याआधी फाइलच्या दोन गोष्टी. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छापायला देऊ नका. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तो १२×१६ इंचांत छापला तर इंचाला जेमतेम १०० पिक्सेल मिळतात. लॅब ३०० मागते, भिंतीवर लांबून बघायच्या मोठ्या प्रिंटला २०० चालतात. ज्याने फोटो काढलाय त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

दुसरी गोष्ट मापाची. फोनच्या फोटोच्या लांबी-रुंदीचं प्रमाण बहुधा ४:३ असतं आणि लॅबची ४×६, ८×१२, १२×१८ ही मापं ३:२ ची. फोनचा फोटो १८ इंच रुंद केला की उंची साडेतेरा होते आणि वरखाली मिळून दीड इंच कापला जातो. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या काकांचं डोकं जातं ते इथेच. अशा फोटोला १२×१६ घ्या, किंवा कुठे कापायचं ते स्वतः ठरवून फाइल द्या. प्रिंट फोनवर दिसतं त्याहून काळपट येते, कारण स्क्रीन स्वतः उजळते आणि कागद खोलीतल्या उजेडावर अवलंबून असतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो पाहा, मोठी प्रिंट सांगण्याआधी ४×६ ची एक काढून घ्या, आणि ती लॅबच्या काउंटरवर न बघता घरी, जिथे लावायची त्या भिंतीपाशी, संध्याकाळच्या दिव्यात बघा.

आता फ्रेम. लॅबच्या रंगीत प्रिंटवर जिलेटिनचा थर असतो. हवेतली ओल शोषून तो फुगतो, चिकट होतो आणि वाळताना काचेला धरून बसतो. जुलैत कोकणपट्टीत आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते, आणि ६५ च्या वर गेली की बुरशीला रान मोकळं. म्हणून काच आणि फोटो यांच्यात फट हवीच. फ्रेमवाल्याला 'माउंट टाका' म्हणून सांगा. फोटोभोवतीची ती जाड पांढरी चौकट शोभेची वाटते, पण तिचं खरं काम फोटो काचेपासून लांब ठेवण्याचं. माउंट नको असेल तर काचेच्या कडेने आत बारीक पट्टी बसवून घ्या. आणि मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर काचेची चमक आणि कागदाची चमक अशी दुहेरी पंचाईत होते.

फोटो हार्डबोर्डवर सपाट चिकटवून देणं ही फ्रेमवाल्यांची सवय आहे. सुरकुती पडत नाही, काम झटपट होतं, गिऱ्हाईक खूश. पण असा फोटो पुन्हा सुटा होत नाही. खळ लावली असेल तर कसरीला आयतं जेवण. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. फोटो फक्त वरच्या कडेला कागदी पट्ट्यांनी टांगा किंवा चारी कोपरे फोटो कॉर्नरमध्ये, म्हणजे कोपऱ्यांवर बसणाऱ्या छोट्या त्रिकोणी खिशांत, अडकवा, म्हणजे कागदाला फुगायला-आकसायला जागा राहते. मागचा बोर्ड आणि माउंट ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या कागदाचे, मागा. महाग पडतं, पण साध्या पुठ्ठ्याने कडा तपकिरी होतात. घरच्या इंकजेटवर छापलं असेल तर प्रिंट दिवसभर मोकळी वाळू द्या, नाहीतर काचेला आतून धुकट थर येतो. आणि हे सगळं शक्यतो दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात फ्रेम बंद केली की ओलही आत बंद होते.

लावताना बाथरूमची पाठभिंत आणि पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत टाळा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळते. समोरच्या खिडकीतून ऊन येत असेल तर रंग उडणारच, साधी काच ते अडवत नाही. आजी-आजोबांच्या तसबिरीला ताजा हार घालायची पद्धत असेल तर हारातलं पाणी वरच्या कडेने काचेमागे उतरतं; हार निथळून घाला आणि संध्याकाळी काढा.

जुना फोटो काचेला चिकटलाच असेल तर ओढू नका, हेअर ड्रायरही लावू नका. चेहऱ्यावरचा थर काचेलाच राहील. मागचा बोर्ड काढा आणि काचेसकट स्कॅन करून घ्या. स्कॅनर नसेल तर सावलीत, समोर काळं कापड धरून फोटो काढा, म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही. त्यावरून नवी प्रिंट काढा आणि जुनी काचेसकट तशीच कोरड्या कपाटात ठेवा. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्याने विरघळतं. नाकाला मास्क लावून, कोरड्या दिवशी गच्चीत, मऊ ब्रशने हलकेच झटका.