गुलाबी बोंडअळीसाठी कॅमेरावाला सापळा: लावायचा कसा आणि आकडा वाचायचा कसा

कपाशीत साधे कामगंध सापळे लावणारे खूप जण आहेत, पण रोज सकाळी जाऊन त्यातले पतंग मोजणारे किती? मी स्वतः दोन वर्षं लावले आणि खरं सांगतो, पहिला आठवडा रोज मोजले, मग निंदण आलं, खताचं आलं, पाऊस लागला आणि मोजणी राहिलीच. नेमकी त्याच दिवसांत पतंगांची संख्या वाढलेली असते. कॅमेरावाल्या सापळ्याचा मुख्य फायदा एवढाच आहे की तो मोजायला विसरत नाही, बाकी बोंडं तपासायला शेतात जायचं काम काही तो वाचवत नाही.

आत असतं काय ते आधी समजून घ्या. नेहमीचाच तिकोनी सापळा, तळाला चिकट कागद, मधे गुलाबी बोंडअळीची ल्युर, वर छोटा कॅमेरा, सोबत बॅटरी, सोलर पॅनेल आणि मोबाईलचं सिम. ल्युरला मादीसारखा वास असतो त्यामुळे फक्त नर पतंग येतात, कागदाला चिकटतात, कॅमेरा फोटो काढून पाठवतो आणि तिकडे कॉम्प्युटर पतंग ओळखून आकडा मोबाईलवर देतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही असा एआयवाला सापळा तयार केलाय. आणि एवढा खर्च नसेल करायचा तर वाधवानी संस्थेचं कॉटनएस म्हणून ॲप आहे, साध्या सापळ्यातले पतंग कागदावर काढायचे, फोनने फोटो घ्यायचा, मोजणी ॲप करतं. पण तिथे रोज जावं लागतं.

लावायचा कधी? पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी, म्हणजे पाती (फुलाच्या कळ्या) लागायच्या सुमारास. जूनच्या मध्याला पेरलं असेल तर जुलै संपता संपता. घ्यायच्या आधीच सापळा जिथे लावणार तिथे त्याच कंपनीचं सिम घालून फोन हातात धरून उभं राहा आणि फोटो पाठवून बघा, धुऱ्यावर रेंज आहे म्हणून वावराच्या मधे असेलच असं नाही. झाडाच्या सावलीत नको, विजेच्या दिव्याजवळ तर अजिबात नको कारण दिव्यावर येणारी सगळी पाखरं फोटोत येतात.

उंची पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर. इथे बरेच जण चुकतात, लावला तेव्हा बरोबर असतो पण पऱ्हाटी वाढत वाढत सापळ्याच्या वर जाते, पॅनेलवर पानं येतात, बॅटरी उतरते आणि आपण म्हणतो मशीन खराब. म्हणून बांबू रोवू नका, वरखाली करता येईल असा पाईप घ्या आणि दर पंधरा दिवसांनी वर सरकवा.

ल्युर बदलायची तारीख पाकिटावर दिलेली असते, बहुतेक तीन-चार आठवड्यांची, ती मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेवा. तंबाखू मळलेल्या किंवा औषध हाताळलेल्या हाताने ल्युर धरू नका, हात धुवून किंवा हातमोजा घालून धरा. जुनी ल्युर आणि फाटलेलं पाकीट वावरात टाकू नका, पतंग तिकडेच घोटाळतात आणि सापळ्यातला आकडा खोटा कमी येतो. आणि अमेरिकन बोंडअळीची ल्युर वेगळी असते, एकाच सापळ्यात दोन ल्युर कधीच नको.

आता आकडा, कारण सगळी गडबड इथेच होते. चिकट कागदावर कालचे पतंगही असतातच, त्यामुळे फोटोत 14 दिसले म्हणजे रात्रीत 14 आले असं नाही. काल 9 होते तर आजचे 5. काही ॲप ही वजाबाकी स्वतः करतात, काही करत नाहीत, विकत घेतानाच विचारा. मी फोटोच्या दोन वेळा ठेवतो, सूर्य मावळायच्या आधी एक आणि सकाळी सहाला एक, या दोघांतला फरक म्हणजे रात्रीचे पतंग. तासाला एक फोटो ठेवला की ढगाळ दिवसांत बॅटरी टिकत नाही आणि तेवढ्या फोटोंचा उपयोगही नाही.

लक्षात ठेवायचा आकडा असा: एका सापळ्यात एका रात्री 8 पतंग, सलग तीन रात्री. एका रात्री 12 आले म्हणून पंप उचलायचा नाही. पण तीन रात्रींत मधली रात्र पावसाची असेल आणि त्या रात्री 2 आले तर सुटलो असंही समजू नका, जोराच्या पावसात पतंग उडतच नाहीत, चौथ्या रात्रीचा आकडा बघा.

मागच्या सप्टेंबरमध्ये माझ्या मोबाईलवर एकदम 31 आले. धावत गेलो तर पावसानंतरच्या माश्या आणि पंखवाले मुंगळे कागदभर चिकटलेले, गुलाबीचे पतंग मोजून 6. म्हणून मशीनवर डोळे झाकून विश्वास नको. सुरुवातीचे दोन आठवडे त्याच्यापासून 50 मीटरवर एक साधा सापळा लावा, दोन्ही मोजा. फोटो उघडून स्वतः बघायची सवय लावा, गुलाबीचा पतंग बारका, करड्या-तपकिरी रंगाचा असतो, चार दिवसांत डोळ्याला ओळखू येतो. कागद धुळीने किंवा पाखरांनी भरला की बदला आणि बदलल्यावर ॲपमध्ये मोजणी शून्यापासून सुरू करा. काचेवर बाष्प धरलं तर मऊ कोरड्या कापडाने पुसा.

आकडा ओलांडला म्हणजे लगेच फवारणी नाही, लगेच वावरात जायचं. एकरात वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडा आणि तिथेच उभं राहून फोडा. दोनात अळी सापडली म्हणजे 10 टक्के झाले, आता फवारणीचं ठरवा. बोंडं नसतील तर फुलं बघा, डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, किती आहेत ते मोजा, तिथेही 10 टक्केच धरतात. बोंड बाहेरून चांगलं दिसतं आणि आत अळी असते, म्हणून फोडल्याशिवाय कळतच नाही. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात फुलात नाहीतर बोंडात शिरते, एकदा आत गेली की औषध तिला लागत नाही, त्यामुळे पतंग वाढायला लागले तेव्हाच 5 टक्के निंबोळी अर्क आणि ट्रायकोकार्ड (बोंडअळीची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचं कार्ड) हे स्वस्तातलं काम करून घ्या. कार्ड लावल्यावर मात्र आठ-दहा दिवस जहाल औषध नको, नाहीतर मित्रकीटकच मरतील. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली, हे मी तरी विसरू शकत नाही. एक जरी फवारणी विनाकारण होणारी टळली तरी हा सापळा घेतल्याचं मला समाधान आहे.

किती सापळे? पाहणीसाठी एकरी दोन लागतात, ते सगळे कॅमेरावाले परवडणार नाहीत. आम्ही शेजारचे चौघं मिळून एकच घेतलाय, बाकी साधे. मशीनचा आकडा वाढला की ज्याने त्याने आपापले साधे सापळे आणि बोंडं तपासायची. ग्रुपवर सकाळी आकडा टाकायचं काम एकाच माणसाकडे द्या नाहीतर कोणीच टाकत नाही.

डिसेंबरअखेर कपाशी काढून टाका, फरदड ठेवू नका, म्हणजे आणखी वेचणीसाठी तीच कपाशी पुढे उभी ठेवू नका. सापळा मात्र लगेच आत नेऊ नका, जळणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ नाहीतर कापूस साठवलेल्या खोलीबाहेर नवी ल्युर घालून लावा. वाळक्या बोंडांत अळ्या दडून असतात, तिथे पतंग निघायला लागले तर पेरणीच्या आधीच तो ढीग हलवायची वेळ आलीय.