एकट्याने थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया: आधी बॉर्डर ठरवा, बाकीचं मग

पाठीवर सॅक टाकून एकट्याने तीन-चार देश फिरायचे असतील तर आपल्यासाठी सगळ्यात सोयीचा पट्टा हाच. खर्च आवाक्यात, एका देशातून दुसऱ्यात बसने नाहीतर बोटीने जाता येतं, होस्टेलं भरपूर, आणि एकटं फिरणारे इतके असतात की कोणी वळूनसुद्धा बघत नाही. फक्त युरोप-अमेरिकेच्या लोकांचे व्हिडिओ बघून प्लॅन करू नका, त्यांचे व्हिसाचे नियम वेगळे, आपले वेगळे. मी सगळ्यांना एकच सांगते, कुठल्या बॉर्डरने शिरायचं, कुठून बाहेर पडायचं आणि तिथे आपल्या पासपोर्टवर कुठला व्हिसा चालतो हे घरी बसून पक्कं करा, आणि मधले दिवस मोकळे सोडा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, हॉटेलं महिनाभर आधी बुक आणि बॉर्डरचं काय ते तिथे गेल्यावर बघू. मग हॉटेलचे पैसे बुडतात आणि बॉर्डरवरून परत फिरावं लागतं ते वेगळंच.

रूट कसा लावायचा? बँकॉक, चियांग माई, तिथून बॉर्डर ओलांडून लाओसमधलं ह्वे साय, मेकाँगवरून बोटीने लुआंग प्रबांग, मग हनोई, तिथून खाली उतरत ह्युए, होई आन, हो ची मिन्ह सिटी, मग बसने प्नोम पेन्ह आणि शेवटी सिएम रीप. हा क्रम मुद्दाम सांगतेय. जुन्या गाइडमध्ये बँकॉकहून सरळ बसने सिएम रीप असं लिहिलेलं असतं, पण २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सैन्यात चकमकी झाल्या आणि त्यांच्यामधल्या जमिनीवरच्या बॉर्डर बंद झाल्या, तेव्हा तो रस्ता धरून प्लॅन करूच नका. कंबोडिया शेवटी ठेवायचा आणि तिथून विमानाने निघायचं. दीड महिना असेल तर हे सगळं निवांत होतं, महिनाच असेल तर एक देश कापा, चार देश पळत पळत बघण्यात काही अर्थ नाही.

आता व्हिसा. थायलंडने २०२३ च्या शेवटी भारतीयांना व्हिसा माफ केला आणि २०२४ मध्ये मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवली, पण ही सवलत कमी-जास्त होत राहते म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात थाई दूतावासाची साइट बघाच. शिवाय मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. लाओसचा व्हिसा बॉर्डरवर मिळतो, साधारण ४० डॉलरच्या आसपास, नोटा कोऱ्या लागतात आणि स्टिकर पासपोर्टचं पूर्ण पान खातं म्हणून कोरी पानं मोजून घ्या. व्हिएतनामला ई-व्हिसाच काढायचा, ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदाच शिरायचं असेल तर २५ डॉलर, अनेकदा शिरायचं असेल तर ५०. फॉर्ममध्ये कुठून शिरणार आणि कुठून निघणार हे निवडावं लागतं, ते विचार करून निवडा, कारण सगळ्या छोट्या बॉर्डरवर ई-व्हिसा चालत नाही. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका, आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि तिथेच घोळ होतो. कंबोडियाचा टुरिस्ट व्हिसा पोचल्यावर ३० डॉलरला मिळतो, ई-व्हिसाही आहे. पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा, हे चारही देशांना लागू.

मुंबई एअरपोर्टवर इमिग्रेशनला एकट्या माणसाला जरा जास्त प्रश्न विचारतात, परतीचं तिकीट कुठाय, राहणार कुठे, नोकरी काय करता. वैतागू नका, त्यामागे खरं कारण आहे. डेटा एंट्री, डिजिटल मार्केटिंग अशा नोकऱ्यांच्या नावाखाली आपल्या मुलांना थायलंडमार्गे म्यानमार, लाओस, कंबोडियाला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवल्याच्या केसेस झाल्यात, आपल्या दूतावासांनी त्याबद्दल वारंवार इशारे दिलेत. लाओसचा गोल्डन ट्रँगल भाग त्यात मुख्य, आणि तो बोकेओ प्रांतात आहे, म्हणजे आपली बोट सुटते त्याच प्रांतात. घाबरून रूट बदलायची गरज नाही, बोटीने जाणारे टुरिस्ट रोज जातात. पण होस्टेलमध्ये किंवा बसमध्ये कोणी चांगल्या पगाराची नोकरी देतो म्हणालं, राहणं-खाणं फुकट म्हणालं, तर तिथल्या तिथे नाही म्हणा आणि पासपोर्ट कोणाच्याही हातात ठेवू नका. परतीचं तिकीट, पहिल्या तीन रात्रींचं बुकिंग, बँक स्टेटमेंट आणि रजेचं पत्र कागदावर प्रिंट करून न्या, मोबाइलवर शोधत बसण्यापेक्षा कागद पुढे केला की काम लवकर होतं.

कधी जायचं तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीला जोडून सरळ होई आनला जायचा मोह होतो, पण मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पुराचे दिवस, होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. म्हणून आधी थायलंड-लाओस करा, व्हिएतनामचा मधला भाग डिसेंबरच्या शेवटी येऊ द्या. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये शेतं-जंगलं जाळतात, धुराने डोंगर दिसत नाहीत आणि दमा असलेल्यांनी तर त्या काळात जाऊच नये. व्हिएतनामी नववर्ष म्हणजे तेत, ते जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, तेव्हा आख्खा देश गावी जातो, ट्रेन-बस फुल आणि दुकानं बंद, त्या आठवड्यात प्रवास ठेवू नका. आणि हनोईत जानेवारीत चांगली थंडी असते, एक जाडसर जॅकेट लागतंच.

सॅक ४० लिटरची घ्या, त्याहून मोठी नको. स्वस्त विमान कंपन्या केबिन बॅगला साधारण ७ किलो देतात आणि खरंच वजन करतात. कपडे पाच दिवसांचे, लाँड्री सगळीकडे किलोवर मिळते. देवळांसाठी खांदे आणि गुडघे झाकतील असे एक-दोन जोड हवेत, आपल्या सुती ओढणीसारखी उपयोगी वस्तू दुसरी नाही, देवळात खांद्यावर, बसच्या एसीत अंगावर. ओडोमॉस, ओआरएस, नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट, हसू नका, भात सगळीकडे मिळतो आणि तिसऱ्या आठवड्यात मेतकूट-भात म्हणजे काय ते तुमचं तुम्हालाच कळेल. व्हेप घेऊन जाऊ नका, थायलंडमध्ये ई-सिगरेटवर बंदी आहे आणि दंड भारी बसतो.

पैशाचं असं करा की एक झिरो मार्कअप कार्ड (परदेशात वापरल्याचा जादा चार्ज न लावणारं), एक दुसऱ्या बँकेचं कार्ड वेगळ्या खिशात, आणि ३०० ते ४०० डॉलर कोऱ्या नोटांत. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात पण जरा फाटलेली नोट असली की घेत नाहीत, आणि डॉलरच्या खालचे सुट्टे रिएलमध्ये मिळतात, साधारण ४,००० रिएल म्हणजे एक डॉलर. थायलंडच्या एटीएमला परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा जास्तच चार्ज लागतो, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा, आणि मशीनने रुपयात कन्व्हर्ट करू का विचारलं तर नाही म्हणा, त्यात रेट वाईट असतो. व्हिएतनामच्या २०,००० आणि ५,००,००० च्या नोटा दोन्ही निळसर, रात्री टॅक्सीत गडबड होते, म्हणून मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या. लाओसचे किप बाहेर कोणी घेत नाही, निघायच्या आधी संपवा. निघण्यापूर्वी आपल्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, डेटा नको, फक्त बँकेचे ओटीपी यायला, आणि नेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम.

बँकॉकहून चियांग माईला रात्रीची स्लीपर ट्रेन घ्या. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या २०२३ पासून क्रुंग थेप आपिवात या नव्या स्टेशनवरून सुटतात, जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊन उभं राहू नका. सेकंड क्लास एसीत खालचा बर्थ वरच्यापेक्षा चांगला रुंद असतो आणि खिडकी मिळते, थोडे जास्त पैसे पडतात पण तोच घ्यायचा. बँकॉकमध्ये ग्रँड पॅलेसबाहेर कोणी गोड बोलून सांगितलं की आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हाला दुसरीकडे नेतो, तर सरळ गेटपर्यंत चालत जा, तो बंद नसतो.

लाओसची स्लो बोट या अख्ख्या ट्रिपमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. दोन दिवस लागतात, रात्री पाक बेंग नावाच्या गावात मुक्काम. आदल्या रात्री बॉर्डरच्या थाई बाजूला चियांग खोंगला किंवा पलीकडे ह्वे सायला राहा, कारण बोट सकाळी सुटते आणि चियांग माईहून त्याच दिवशी पोचायचं म्हणजे धावपळ. धक्क्यावर लवकर पोचा. बोट लांबलचक अरुंद, आत जुन्या गाड्यांमधून काढलेल्या सीट्स मांडलेल्या, मागच्या बाजूला इंजिन आणि त्याचा आवाज असा की शेजारच्याशी बोलता येत नाही, त्यामुळे जागा पुढची पकडायची. खायला बॅगेत सँडविच, केळी, पाणी ठेवा, बोटीवर सगळं महाग. एकदा पाणी कापत बोट निघाली की दोन्ही काठांना डोंगर, मध्ये कुठेतरी वाळूवर बोट टेकते, एखादी बाई तांदळाचं पोतं आणि कोंबडी घेऊन उतरते आणि पायवाटेने वर दिसेनाशी होते, रस्ता दिसत नाही, घर दिसत नाही. आपल्याकडच्या वाडीवस्तीच्या एसटीसारखीच ही बोट तिथल्या लोकांची आहे. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा बोट बदलते, म्हणून पुन्हा लवकर. आणि उतरायचा धक्का लुआंग प्रबांग गावापासून बराच बाहेर आहे, तिथून शेअर टुकटुक करावी लागते.

लुआंग प्रबांगला पहाटे भिक्षू भिक्षेला निघतात ते बघायला जा, पण समोरच्या फुटपाथवरून, फ्लॅश न मारता. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नाही, चुकूनसुद्धा नाही. तिथून व्हांग व्हिएंग, व्हिएंतियान करायचं असेल तर डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली लाओस-चीन रेल्वे आहे, पूर्वी दिवसभर खाणारा घाटरस्ता आता दोनेक तासांत होतो. स्टेशनवर सामान तपासतात आणि डिओ स्प्रे, चाकू काढून घेतात. व्हांग व्हिएंगमध्ये नोव्हेंबर २०२४ ला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा पर्यटक गेले, त्यात तरुण पोरं होती. फुकटचे शॉट्स घेऊ नका, प्यायचीच असेल तर सीलबंद बिअर, आणि हे चारही देशांत पाळा.

लाओसहून हनोईला बस जाते, २४ तास किंवा जास्त, एकट्याने मी तरी सुचवणार नाही, विमान घ्या. व्हिएतनामच्या आतल्या स्लीपर बस मात्र छान. चढताना चपला काढून हातात दिलेल्या पिशवीत टाकायच्या, तीन रांगा, दोन मजले, पाय एका खोक्यात घालून अर्धवट आडवं व्हायचं. उंच असाल तर पाय मावत नाहीत. एकट्या बाईने खालचा, पुढचा, सिंगल बर्थ मागून घ्यायचा, आणि पहाटे चारला उतरवणारी बस घेऊच नये. ह्युए ते दा नांग मात्र ट्रेननेच करा, हाय व्हान घाटात रूळ समुद्राला चिकटून जातात, हनोईकडून येताना डाव्या बाजूला बसा.

उत्तर व्हिएतनाममधल्या हा जियांगचा बाइक लूप, म्हणजे डोंगरातून बाइकने मारायची फेरी, सगळ्यांना करायचा असतो. आपलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं असतं आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं मानतं, म्हणजे तुम्ही पुण्यात वीस वर्षं बाइक चालवत असलात तरी तिथे तुमचं लायसन्स धरत नाहीत. पोलिसांचा दंड एक वेळ परवडेल, पण अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करतं. स्थानिक ड्रायव्हरच्या मागे बसून लूप करता येतो, तोच करा, नजर रस्त्यावर नाही तर दरीवर राहते.

शाकाहारी लोकांनी हे वाचाच. फिश सॉस आणि ऑइस्टर सॉस दोन्ही भाज्यांतसुद्धा असतात, नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही. थायलंडमध्ये 'जे' म्हणा, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असलेली दुकानं शोधा, त्यात कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये 'अन चाय' म्हणायचं, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली बरीच मंडळी स्वतःच शाकाहार करतात, त्या दिवशी चॉइस एकदम वाढतो. कॅलेंडरात अमावस्या-पौर्णिमा बघून ठेवली की झालं.

हो ची मिन्हहून प्नोम पेन्हची बस मोक बाय-बावेत बॉर्डरने जाते, सहा-सात तास. बसवाला सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो आणि व्हिसाच्या वर दोन-चार डॉलर मागतो, ई-व्हिसा आधीच हातात असेल तर ही कटकट कमी होते. सिएम रीपला अंगकोरच्या देवळांचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचाच घ्या, दहा दिवसांत कधीही तीन दिवस वापरता येतो, सलग जायची सक्ती नाही, उन्हात सलग तीन दिवस देवळं बघणं झेपतही नाही. एका दिवसाचाच घेणार असाल तर आदल्या संध्याकाळी पाचनंतर काढा, त्या दिवशीचा सूर्यास्त वर जादा बघायला मिळतो. परतीचं तिकीट सिएम रीप ते मुंबई एकाच बुकिंगवर काढा, वेगवेगळी तिकिटं असली की मधल्या देशात बाहेर येऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि तिथे व्हिसाचा प्रश्न येतो. नवा एअरपोर्ट २०२३ मध्ये सुरू झालाय आणि गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे, टुकटुकवर अवलंबून राहू नका, आदल्या रात्रीच होस्टेलला सांगून शटल बुक करा.