किलोने हॉप्स घेताय? आधी फ्रीझर उघडून बघा

घरी बिअर बनवणाऱ्याला कधी ना कधी हॉप्सच्या (म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वाळलेल्या फुलांच्या) ५० ग्रॅमच्या पाकिटांचा कंटाळा येतोच, कारण कुरिअरचे पैसे हॉप्सइतकेच होतात आणि ऐन बॅचच्या वेळी नेमकी हवी ती व्हरायटी संपलेली असते. मग अर्ध्या किलोचा भाव दिसतो, ग्रॅममागे बराच स्वस्त, आणि माणूस सिट्रा, मोझॅक, गॅलक्सी, नेल्सन सोव्हिन सगळं कार्टमध्ये टाकून मोकळा होतो. थांबा जरा. माझं सरळ मत असं आहे की घाऊक घ्यायचा हॉप म्हणजे जो टिकतो आणि चार वेगवेगळ्या बिअरमध्ये चालतो तो, सध्या सगळे ज्याच्या मागे लागलेत तो नव्हे. फॅशनवाले हॉप्स १०० ग्रॅमच्या पाकिटातच घ्यावेत, थोडे महाग पडले तरी.

कायद्याचं आत्ताच सांगून टाकतो. महाराष्ट्रात विनापरवाना दारू बनवायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याने बंदी आहे आणि घरगुती बिअर त्यातून सुटत नाही, त्यामुळे परवान्याचं वगैरे ज्याचं त्याने नीट बघून घ्यावं. २००९ मध्ये डूलालीने पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली, तेव्हापासून इथल्या लोकांना ताज्या बिअरची चव कळली आणि अनेकांना हा नाद लागला हे खरं, पण डूलालीवाले परवाना काढून बसलेत. नुसतं हॉप वॉटर करायचं असेल, म्हणजे उकळलेल्या पाण्यात हॉप्स, थोडं लिंबू आणि सोडा, तर त्यात अल्कोहोल नसतं, आणि खालचं निवडीचं बरंचसं त्यालाही लागू पडतं.

आता हिशोब. कुठलीही व्हरायटी बघायच्या आधी कागद घेऊन वर्षभरात काय काय बनवणार ते लिहा. समजा महिन्याला दोन बॅच, प्रत्येकी २० लिटर, म्हणजे वर्षाला २४. त्यातल्या ८ वीट (गव्हाच्या) बिअर, तिला २० ग्रॅम हॉप्स खूप झाले, म्हणजे १६० ग्रॅम. ८ पेल एल ८० ग्रॅमने, म्हणजे ६४० ग्रॅम. ४ आयपीए (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) १८० ग्रॅमने ७२० ग्रॅम, आणि ४ स्टाउट ३५ ग्रॅमने १४० ग्रॅम. सगळं मिळून १६६० ग्रॅम, पावणेदोन किलोसुद्धा नाही, आणि यात तीन-चार व्हरायटी आल्या. म्हणजे एका व्हरायटीचा पूर्ण किलो एकट्याला क्वचितच लागतो. वीट बिअरच जास्त करणाऱ्याने तर घाऊकच्या नादीच लागू नये, कारण हेफेवायझनमधला (जर्मन वीट बिअरमधला) केळं-लवंगेचा वास यीस्टचा असतो, हॉप्सचं काम तिथे फक्त गोडवा आवरण्यापुरतं. उलट न्यू इंग्लंड आयपीए करणाऱ्याला एका २० लिटरला २०० ते ३०० ग्रॅम सहज लागतात, त्याचं गणितच वेगळं.

पहिला घाऊक हॉप कडूपणासाठीचा घ्या. यात फार डोकं लावायचं नाही, मॅग्नम घ्या आणि विषय संपवा. जर्मनीतल्या ह्युलच्या संशोधन केंद्रातली १९८० ची व्हरायटी, अल्फा ॲसिड (हॉपमधलं कडूपणा देणारं आम्ल) साधारण १२ ते १४ टक्के, कडूपणा स्वच्छ, घशात टोचत नाही, आणि स्वतःचा वास जवळजवळ नाहीच त्यामुळे लागरपासून स्टाउटपर्यंत कशातही जातो. २० लिटरमध्ये १३ टक्केवाला मॅग्नम १५ ग्रॅम टाकून ६० मिनिटं उकळला तर साधारण २२ आयबीयू (कडूपणाचं एकक) मिळतात, तेवढ्याच कडूपणाला ६ टक्केवाला कॅस्केड ३२-३३ ग्रॅम लागेल आणि साडेतीन टक्क्यांचा साझ ५५ ग्रॅमच्या वर. म्हणून कडूपणाच्या हॉपचा भाव पाकिटावरून बघू नका, भावाला अल्फाच्या टक्क्याने भागा. समजा १०० ग्रॅम मॅग्नम ४०० रुपये आणि अल्फा १३, तर अल्फाचा एक ग्रॅम ३१ रुपयांना पडला. कॅस्केड ३०० रुपये आणि अल्फा ६, तर ५० रुपये. स्वस्त दिसणारं महाग निघालं. मॅग्नम नाही मिळाला तर वॉरियर किंवा नगेट चालतो. कोलंबसही चालतो (टोमाहॉक आणि झ्यूस ही जवळपास त्याचीच नावं समजा), अल्फा १४ ते १७ टक्के असतं, पण तो टिकायला वाईट आहे.

आणि हे टिकणं हाच सगळ्या खरेदीचा मुद्दा आहे. हॉप्सचा टिकाऊपणा मोजतात तेव्हा एक आकडा देतात, २० अंश सेल्सिअसला सहा महिने ठेवल्यावर अल्फा किती उरलं. मॅग्नममध्ये ८० ते ८५ टक्के उरतं. कॅस्केडमध्ये निम्म्याच्या आसपास. साझ आणि हालरटाउसारखे जुने युरोपियन हॉप्सही याच रांगेतले. सिट्रा आणि मोझॅक त्या मानाने बरे टिकतात. आता २० अंश म्हणजे काय हे पुणेकराला सांगायला नको, एप्रिल-मेमध्ये घरातली भिंतसुद्धा त्याच्या वर असते. ढोबळमानाने तापमान १५ अंशांनी उतरलं की खराब होण्याचा वेग निम्मा होतो, म्हणजे उणे १८ चा फ्रीझर आणि किचनचं कपाट यात आठ-नऊ पटींचा फरक पडतो. म्हणून फ्रीझरमध्ये जागा नसेल तर कितीही स्वस्त असो, घाऊक घेऊ नका. एवढं पाळलं तरी लेख वाचल्याचं सार्थक.

दुसरा घाऊक हॉप वासाचा, पण मल्टिपर्पज. इथे माझं मत सेंटेनियलला. १९९० चा हॉप, अल्फा १० च्या आगेमागे, लिंबू-फुलांचा वास, लोक त्याला सुपर कॅस्केड म्हणतात ते उगाच नाही. पेल एलमध्ये शेवटच्या १० मिनिटांत जातो, आयपीएमध्ये ड्राय हॉप होतो (म्हणजे न उकळता नंतर बिअरमध्ये पडतो), आणि वेळ पडली तर कडूपणालाही वापरता येतो. कॅस्केड हा १९७२ पासूनचा, अमेरिकन क्राफ्ट बिअर त्याच्यावरच उभी राहिली, ग्रेपफ्रूटचा तो ओळखीचा वास, वाईट काहीच नाही, फक्त वर्षभर ठेवायचा असेल तर मी सेंटेनियलकडे वळतो. ज्यांना पाइनचा, जरा उग्र वास आवडतो त्यांनी १९८५ चा चिनूक बघावा, तोही कडूपणा आणि वास दोन्हीत चालतो. या तिन्हींचा अजून एक फायदा म्हणजे ह्या सार्वजनिक व्हरायटी आहेत, कुठलाही शेतकरी लावू शकतो, त्यामुळे भाव आवाक्यात राहतो. सिट्रा (२००७ पासून बाजारात), सिमको, आणि सिमकोचीच लेक मोझॅक (२०१२) ह्या खाजगी मालकीच्या, लायसन्स असलेलेच पिकवतात, म्हणून तो भाव.

सिट्रा घाऊक घेऊच नका असं नाही म्हणत मी. एक केस अशी आहे की तो घ्यावाच. फर्मेंटेशनसाठी वेगळा फ्रीज नसेल आणि उन्हाळ्यातही बॅच लावायच्या असतील तर क्वाइक यीस्ट वापरतात, ते नॉर्वेचं, ३० ते ४० अंशांतही मजेत चालतं, आणि त्याच्या संत्र्यासारख्या फळाळ वासाशी सिट्रा-मोझॅक झकास जुळतात. अशा माणसाने सिट्रा पाव-अर्धा किलो घ्यावा आणि साझ-हालरटाउच्या वाटेला जाऊ नये, कारण ते हॉप्स ज्या लागरसाठी आहेत तिला १०-१२ अंशात आठवडे काढावे लागतात. फर्मेंटेशन फ्रीज असलेल्याने मात्र हालरटाउ, टेटनांग किंवा पर्ल जरूर आणावा, पण हे नाजूक हॉप्स लागतील तेवढेच, सहा महिन्यांचा हिशोब करून. इंग्लिश बिटरचे शौकीन थोडेच आहेत आपल्यात, त्यांना ईस्ट केंट गोल्डिंग्ज शंभर-दोनशे ग्रॅम पुरे. स्टाउटला वेगळा हॉप लागत नाही, मॅग्नम टाका.

पाण्याचंही एक बघा. खडकवासल्याचं कॉर्पोरेशनचं पाणी तसं सॉफ्ट असतं, बोअर आणि टँकरचं हार्ड. सोसायटीत दोन्ही मिक्स येत असेल तर एकाच हॉपची दोन बॅचमध्ये चव वेगळी लागते आणि माणूस हॉप्सला शिव्या देतो. सल्फेट जास्त असलं की कडूपणा धारदार होतो, क्लोराइड जास्त असलं की गोलसर लागतो. घाऊक ऑर्डरच्या आधी पाणी एकदा टेस्ट करून घ्या, नाहीतर आरओच्या पाण्यात जिप्सम वगैरे मोजून घाला म्हणजे निदान दरवेळी सारखं राहील.

बरं, व्हरायटी ठरली, पण चव कधी घेतलीच नसेल तर किलो उचलणं म्हणजे जुगार. आधी छोटं पाकीट आणा आणि दुकानातल्या साध्या लागरवर ट्राय करा. ३३० मिलीची बाटली नीट थंड करा, उघडून दोन घोट कमी करा, दीड ग्रॅम पेलेट (हॉप्स दळून दाबलेल्या गोळ्या) टाका आणि पटकन बंद करा, फेस उसळतो म्हणून सिंकमध्येच करा, दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग गाळून प्या. चार बाटल्या, चार व्हरायटी, चार मित्र. घरचे काय म्हणायचं ते म्हणतील. यात उकळलेल्या हॉपचा कडूपणा कळत नाही पण वास बरोबर कळतो, आणि घाऊक घेताना वासाचाच प्रश्न असतो.

घ्यायचं कधी? उत्तर गोलार्धात, म्हणजे अमेरिका, जर्मनी, चेकमध्ये काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, पेलेट होऊन आपल्याकडे नवा माल यायला नवीन वर्ष उजाडतं. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाचं पीक फेब्रुवारी ते एप्रिल. आपल्या घरी वर्षाचं तिखट-हळद नवा माल आल्यावरच भरतात, तसंच हे. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात बरे, नवीन क्रॉप आणि कुरिअरच्या गाडीत ऊनही कमी, फक्त तेव्हाच घरचा फ्रीझर मटारने गच्च भरलेला असतो, ती वाटाघाट आधी करा. मे महिन्यातला सेल कितीही मोठा असला तरी तीन दिवस तापलेल्या टेम्पोतून आलेला सिट्रा मला नको.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा, क्रॉप इयर (काढणीचं वर्ष) कुठलं, या लॉटचं अल्फा किती, आणि माल तुमच्याकडे कोल्ड स्टोरेजमध्ये होता का. पाकिटावर क्रॉप इयर नसेल आणि विचारल्यावर फ्रेश है सर एवढंच उत्तर आलं तर सोडून द्या. पेलेट टी-९० (नेहमीचा प्रकार) घ्या, जागा कमी खातात आणि अख्ख्या फुलांपेक्षा टिकतात. पिशवी चांदीसारखी फॉइलची, व्हॅक्यूम किंवा नायट्रोजन भरून सील केलेली हवी, पारदर्शक पिशवीत बांधून दिलेला माल घेऊ नका. आल्यावर एक पेलेट बोटांत चुरडून बघा, हिरवा रंग आणि घमघमाट हवा. तपकिरी झालेला, चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास येणारा माल जुना, तो परत करा.

ब्रुअरीसाठीचं पॅक ५ किलोचं असतं, ते एकट्याने घ्यायचं नसतं. पाच-सहा जण मिळून घ्या पण वाटणी ज्या दिवशी पिशवी उघडली त्याच बैठकीत उरका. पावसाळ्यात तर हे काम करूच नका, थंड पेलेटवर हवेतलं पाणी धरतं आणि ते भुसभुशीत होतात. कोरड्या दिवशी, सीलबंद पिशवी रूम टेंपरेचरला आली की मग उघडायची, सोनाराच्या वजनकाट्यावर ५० आणि १०० ग्रॅमच्या पुड्या करायच्या, फॉइलच्या पाऊचमध्ये व्हॅक्यूम मारून सील. पाऊच आणि सीलिंग मशीन रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला फिरलात तर मिळून जातं. प्रत्येक पुडीवर नाव, क्रॉप इयर, अल्फा आणि सील केल्याची तारीख मार्करने लिहा, कारण फ्रीझरमधून काढल्यावर सगळे हिरवे गोळे सारखेच दिसतात. एक पुडी एका बॅचला, उघडलेली परत ठेवायची नाही. गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट गेली तर घाबरू नका, काही तासांनी हॉप्सला काही होत नाही, फ्रीझरचं दार उघडलं नाही म्हणजे झालं.

सहा-आठ महिन्यांनी कडूपणाचा हॉप वापरताना अल्फा थोडं उतरलंय असं धरून चाला. १३ चं ११ झालं असेल तर १५ ग्रॅमऐवजी साधारण १८ टाका. वासाच्या हॉपला असं करू नका, वास उतरलेला असेल तर जास्त टाकून वास परत येत नाही, नुसता गवताळपणा वाढतो. तो उरलेला माल ६० मिनिटांच्या उकळीत कडूपणाला वापरून टाका आणि ड्राय हॉपसाठी छोटं ताजं पाकीट आणा.

आणि बॅच झाल्यावर उरलेला चोथा सोसायटीच्या बागेत किंवा उघड्या कंपोस्टमध्ये टाकू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत, खाल्ले तर अंगाचा ताप भराभर चढतो आणि जीवावर बेततं. चोथा पिशवीत बांधून थेट कचऱ्यात, आणि कुत्र्याने खाल्लाय अशी शंका जरी आली तरी वाट न बघता व्हेटकडे घेऊन जा.