पाळीव प्राण्याच्या दहनाचा खर्च: सांगितलेल्या आकड्यात काय काय धरलेले असते?

घरातला प्राणी गेल्यावर तासाभरातच दहनाची चौकशी करावी लागते, आणि अशा वेळी पैशांविषयी बारकाईने विचारणे कुणालाच बरे वाटत नाही. त्यामुळे समोरून येईल तो आकडा मान्य होतो आणि त्यात काय धरले होते ते पावती हातात आल्यावर कळते. प्राणी वयस्कर किंवा आजारी असेल तर ही चौकशी आधीच करून ठेवावी. त्यात अशुभ काही नाही.

खर्च मुख्यतः एका प्रश्नावर ठरतो: अस्थी परत हव्यात का? नको असतील तर सामूहिक दहन सर्वांत स्वस्त पडते. त्यात अनेक प्राण्यांचे दहन एकत्र होते आणि राख कोणालाही परत दिली जात नाही. हव्या असतील तर स्वतंत्र दहन करावे लागते. भट्टीचे तापमान साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत न्यावे लागते, आणि मांजरासाठीही इंधन व माणसाचा वेळ बराच लागतो. म्हणूनच लहान प्राण्याचा दर वजनाच्या प्रमाणात कमी होत नाही. या दोन्हींच्या मधला प्रकार म्हणजे एकाच भट्टीत अंतर राखून किंवा आडोसा घालून अनेक प्राणी ठेवणे. यात राख थोडीफार मिसळतेच. काही ठिकाणी यालाही ‘स्वतंत्र’ म्हटले जाते, म्हणून नावावर विसंबून न राहता ‘त्या वेळी भट्टीत आमचा एकटाच प्राणी असेल का?’ असे सरळ विचारावे. ओळखीसाठी शरीरासोबत क्रमांक कोरलेली धातूची चकती ठेवण्याची पद्धत आहे. ती आगीत टिकते आणि राखेबरोबर परत मिळते. अशी चकती वापरतात का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट वजन. दर बहुधा वजनाच्या टप्प्यांनुसार असतात, त्यामुळे टप्प्याच्या सीमेवर अर्ध्या किलोनेही रक्कम बदलू शकते. दीर्घ आजारात प्राणी बराच वाळलेला असतो. जुन्या कागदावरचे वजन न सांगता ताजे वजन करून घ्यावे.

याखेरीज घरून नेण्याचे भाडे, रात्रीचा किंवा सुट्टीच्या दिवसाचा जादा आकार, शीतपेटीत ठेवल्याचे शुल्क, दहनाच्या वेळी हजर राहण्याची मुभा, पंजाचा ठसा आणि अस्थिकलश या बाबी वेगळ्या लावल्या जातात. पशुवैद्यांमार्फत व्यवस्था केल्यास त्यांचा वाटाही आकड्यात असू शकतो. दहनकेंद्राशी थेट बोलल्यास तो वाचतो, पण ने-आण स्वतः करावी लागते, आणि चाळीस किलोचा कुत्रा जिन्यावरून उतरवणे हे एकट्याचे काम नव्हे. मागायची ती सगळे धरून होणारी एकूण रक्कम, तीही लेखी. घाई होऊ नये म्हणून शरीर थंड जागी ठेवावे. त्यामुळे एक दिवस तरी सहज मिळतो आणि रात्रीचा जादा आकार टळू शकतो.

कलशावर मात्र विनाकारण खर्च होतो, असे माझे मत आहे. राखेचे आकारमान दर किलो वजनामागे साधारण ३५ मिलिलिटर धरतात. म्हणजे चार किलोच्या मांजराची राख चहाच्या कपात मावते आणि तीस किलोच्या कुत्र्याला सव्वा लिटरचे भांडे पुरते. घरातला झाकणाचा डबाही चालतो.

काही ठिकाणी पाणी आणि अल्कली (तीव्र क्षारीय रसायन) वापरून शरीराचे विघटन करण्याचा पर्याय असतो. त्यात ज्वाला नसते, इंधन कमी लागते आणि अस्थींची भुकटी दहनापेक्षा थोडी जास्त मिळते, मात्र कमी तापमानावर चालणाऱ्या यंत्रात ही प्रक्रिया १८ ते २० तास चालू शकते. दर विचारताना या पर्यायाचाही आकडा घ्यावा, आणि कलशाचे माप त्यानुसार किंचित मोठे धरावे.