एकांकिकेच्या संघासाठी अभिनय कार्यशाळा कशी ठेवावी

पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत उतरणाऱ्या महाविद्यालयीन संघाला अनुभवी दिग्दर्शकाची कार्यशाळा ठेवायची असेल, तर ती तालमी सुरू होण्यापूर्वीच ठेवावी. एकांकिका बसल्यानंतर मिळालेला सल्ला नटांना बहुधा गोंधळात टाकतो. व्याख्यान अर्ध्या तासात आटोपून उरलेला वेळ उत्स्फूर्त प्रवेशांना द्यावा. एकच प्रसंग आधी संवादांशिवाय, मग केवळ आवाजातून आणि शेवटी एका पात्राचा हेतू बदलून करून पाहिला, म्हणजे नाट्य पात्रांच्या परस्परविरोधी इच्छांतून उभे राहते, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. प्रकाशयोजना आणि नेपथ्य सांभाळणाऱ्यांनाही या प्रवेशांत उतरवावे. पाहुण्यांसोबत छायाचित्रे मात्र शेवटीच काढावीत, नाहीतर सकाळ त्यातच जाते.